उन्हाळी शिबिरातली प्रॉम्प्टर

मी भांडखोर आहे हे आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे. वाचनालयाच्या संचालक मंडळाच्या सभेत मी बोलायला उभी राहिले की कोणी पंख्याकडे पाहतं, कोणी मोबाईल काढतं, आणि अध्यक्ष चहा सांगतात. ग्रंथपालाने पुस्तकं द्यावीत, घ्यावीत, धूळ झटकावी, एवढीच त्यांची अपेक्षा. तेव्हा पुढे जे लिहिते आहे ते रागाने लिहिते आहे, हे आधीच सांगून मोकळी होते. राग शांत व्हायची वाट पाहिली असती तर हे लिहूनच झालं नसतं.

आमचं गाव वडशापासून फार लांब नाही. राइस मिली, आठवडी बाजार, बसस्टँड आणि गावाच्या कडेला मोठा तलाव. तलावाच्या अलीकडे आमचं सार्वजनिक वाचनालय आणि पलीकडच्या पाळीला, म्हणजे बांधाला लागून ढिवरांचा मोहल्ला. पावसाळ्यात-हिवाळ्यात तिथले लोक तलावात आणि नदीवर मासे धरतात, रोवणी-कापणीला मजुरीला जातात, आणि मे महिना लागला की घरचे सगळे तेंदूपत्त्याला. पहाटे जंगलात जायचं, विडीची पानं तोडायची, ऊन चढायच्या आत परत येऊन पुडे बांधायचे. लेकरंही सोबत जातात, कारण लहान हातांनी पुडे लवकर बांधले जातात.

आणि आमच्या वाचनालयाचं उन्हाळी वाचन संस्कार शिबिर असतं मे महिन्यात, सकाळी आठला. ऊन लागू नये म्हणून. सुंदर हस्ताक्षर, श्लोक पाठांतर, मोबाईलचे दुष्परिणाम, शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र. कर्मचाऱ्यांची, दुकानदारांची मुलं आयांच्या स्कूटीवर बसून येतात, पाण्याच्या बाटल्या हलवत बसतात आणि घरी जातात. मी दरवर्षी सभेत सांगायची, की भाऊ, सकाळी आठला मोहल्ल्यातलं एकही लेकरू गावात नसतं, शिबिर दुपारी ठेवा. अध्यक्ष म्हणजे इथल्या सगळ्यात मोठ्या राइस मिलचे मालक. माणूस वाईट नाही. पुस्तक वाचताना मी त्यांना कधी पाहिलं नाही, पण पुस्तकांवर बोलताना पुष्कळदा ऐकलं आहे.

ते म्हणायचे, "ते लेकरं तसेही येत नाई बाई. तुमी कायले डोकं खराब करून राह्यल्या?"

ती लेकरं आली. ज्या उन्हाळ्याची ही गोष्ट आहे त्या उन्हाळ्यात आली. शिबिर आटोपून मुलं घरी गेली होती, बाहेर डांबर वितळत होतं, आणि मी बालविभागात एकटी जेवत होते. बालविभाग म्हणजे मागची खोली. वाचनालयातला एकमेव चांगला कुलर तिथे आहे, कारण पूर्वीच्या एका देणगीदाराने तो मुलांसाठी म्हणून दिला होता. दारात एक मुलगी उभी. सातवी पास झालेली, काटकुळी, आवाज घोगरा, केसांना जाळं विणायचा निळा नायलॉन दोरा बांधलेला. तिच्या मागे पोरापोरींचा घोळका, सगळ्यांची बोटं पानांच्या चिकाने काळी.

"बाई, इथी बसलं त चालते का? तुमची हवा थंडी आहे."

खरं बोलली म्हणून मला ती तिथेच आवडली. वाचनाची गोडी वगैरे काही नाही. कुलर. मी म्हटलं, बसा, पण हातात पुस्तक पाहिजे. उघडा नाहीतर उघडू नका, तुमची मर्जी.

बसली. थोडा वेळ चित्रं पाहिली, एकमेकांना कोपरं मारली. त्यातल्या बहुतेकांना वाचताच येत नव्हतं. कोरोनात शाळा बंद पडलेल्या त्या वर्षांत जी अक्षरं गेली ती परत आलीच नव्हती, आणि वर्ग मात्र दरवर्षी पुढे सरकत होते. या गोष्टीवर मी वेगळं भांडू शकते, पण ते राहू द्या. ही घोगऱ्या आवाजाची मुलगी मात्र सरसर वाचायची. दुसऱ्या की तिसऱ्या दुपारी मी बाहेरच्या टेबलाशी होते आणि आतून एकदम आरडाओरडा ऐकू आला. धावत गेले. एक पोरगा गालावर हात धरून जमिनीवर गडबडा लोळत होता. बाकीचे त्याच्याभोवती हात जोडून उभे. आणि ती मुलगी दिसेचना. पाहते तर कपाटाच्या मागे, भिंतीकडे तोंड करून, पुस्तक छातीशी धरून बसलेली.

आमच्या झाडीपट्टीतल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडे धान निघालं, दिवाळी झाली की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरते आणि मंडईला नाटक लागतं. वडशाच्या नाटक कंपन्या असतात, पण कितीतरी गावं आपली आपणच नाटकं करतात. शेतात राबणाऱ्या नटाला सगळं पाठ होत नाही. म्हणून पडद्यामागे प्रॉम्प्टर. तो हळू आवाजात पुढचं वाक्य वाचतो, नट ते उचलतो आणि खणखणीत बोलतो. या मुलीचा काका मोहल्ल्याच्या नाटकाचा प्रॉम्प्टर. लहानपणापासून ही त्याच्याजवळ बसून पुस्तकावर टॉर्च धरायची. तिला पुस्तक वाचायची ही एकच रीत माहीत होती. एकाने मागून वाचायचं आणि बाकीच्यांनी समोर बोलायचं.

पुस्तक होतं दात दुखणाऱ्या वाघाचं. लहानसं, चित्रांचं, कोणी कधी न नेलेलं. गडबडा लोळणारा पोरगा वाघ होता.

"बाई, वाघ असा नाई बोलत," तो मला म्हणाला. "आमच्या आईनं फळीवर पाह्यला आहे. तो काईच बोलत नाई."

फळी म्हणजे जिथे तेंदूपत्त्याचे पुडे मोजायला नेतात ती जागा. मी म्हटलं, याचा दात दुखतो ना, म्हणून हा बोलतो. त्याला पटलं. मग त्यांनी वाघाला फळीवरच आणला, पुस्तकातला वैद्य काढून टाकला आणि पुडे मोजणारा मुनशी घातला. मुलगी कपाटामागून चिडली.

"पुस्तकात आहे तेच बोलाचं. आपल्या मनचं नाई."

नियम तिचे होते आणि कडक होते. प्रॉम्प्टरनं रडायचं नाही, हसायचं नाही. आवाज स्टेजवर पोचला पाहिजे, पब्लिकमध्ये नाही. नट अडकला तर वाक्य पुन्हा द्यायचं, रागवायचं नाही. मध्येच आपलं काही बोलायचं नाही. एकदा मी तिला कपाटामागे विचारलं, तहान लागली का, तर तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पान संपल्यावर म्हणाली, "हो जी. पण मंधात बोलत नसते."

आणि मग मजा झाली. वाघाला संशय आला की ही आपली वाक्यं खाते आहे. "माह्यं भाषण एवढंच आहे का? दाखव." तिने पुस्तक दाखवलं. त्याला काही कळेना. मग तिने त्याचं बोट धरून एकेका शब्दावर ठेवलं, हे घे, मोज, आहे का कमी? त्याच्यानंतर कोल्ह्याला संशय आला, मग हरणीला. दुपारी दुपारी आमच्या बालविभागात भांडणं पेटायची ती या गोष्टीवर. आपली ओळ किती लांब आहे हे पाहायला पोरं अक्षर अक्षर लावायला लागली. मी इतकी वर्षं या वाचनालयात आहे, शिबिरांवर शिबिरं पाहिली, पण पुस्तक एकमेकांच्या हातून हिसकावून घेणारी मुलं मी पहिल्यांदा पाहत होते. मला सांगायला लाज वाटत नाही, मी कपाटाआड जाऊन रडले.

पुढच्या हॉलमध्ये अभ्यासिका आहे. पोलीस भरतीची, तलाठ्याची तयारी करणारे तरुण दिवसभर तिथे मान खाली घालून बसलेले. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांच्या घरची परिस्थिती मला माहीत आहे. पण आतून वाघ ओरडायला लागला तशी त्यांनी तक्रार केली, आणि अध्यक्षांना ती फार सोयीची वाटली. सभेत विषय आला, बालविभाग बंद करून तिथेही अभ्यासिका करावी, एसी लावावा, मुलांना एक कपाट व्हरांड्यात द्यावं.

मी उभी राहिले. सगळ्यांनी पंख्याकडे पाहिलं.

त्या दिवशी मी जितकं भांडले तितकं आयुष्यात भांडले नसेन. शेवटी कंटाळून अध्यक्षांनी तोडगा काढला. शिबिराच्या समारोपाला जिल्ह्याहून मोठे साहेब येणार होते, शिक्षण क्षेत्रातले नावाजलेले. "साहेबाले दाखवू बाई. त्याहीनं म्हटलं का लेकरं चांगले वाचते, त खोली बारा महिने लेकराहीची. कुलरसहित. नाई म्हटलं त मंग तुमी वाद करू नोका." मी कबूल झाले. का नाही होणार? माझ्याकडे हुकमाचा पत्ता होता. दुपारी मी मुलांना सगळं सांगितलं, खोली राहील की जाईल ते त्या दिवशी ठरणार.

मुलगी म्हणाली, "म्हणजे साहेबाले वाचून दाखवाचं? हात्तिच्या."

मला वाघाचं नाटक करायचं होतं. अध्यक्ष म्हणाले, नाटक नको, हे वाचन शिबिर आहे, मुलं शांत वाचताना दिसली पाहिजेत, फोटो चांगले येतात. आणि मोहल्ल्यातल्या मुलांना बोलावलं तेसुद्धा का, तर लग्नसराई होती, स्कूटीवरची निम्मी मुलं मामाकडे आणि नागपूरला गेली होती आणि खुर्च्या रिकाम्या दिसत होत्या. खुर्च्या भरायला मोहल्ला! तरी त्यांना मागच्या रांगेत बसवा म्हणून निरोप होताच. मुलं त्या दिवशी जंगलात गेली नाहीत. घरी पुडे कमी पडतील हे माहीत असून आयांनी त्यांना आंघोळी घालून, तेल लावून पाठवलं होतं.

हार झाले, शाल झाली, दीप झाला. भाषणं झाली, साहेबांचं कागदावरून वाचून. मग साहेब मुलांमधून फिरायला निघाले आणि त्यांच्यामागे मोबाईल घेतलेला एक जण. पुढच्या रांगेतल्या मुलाला त्यांनी नाव विचारलं, मुलाने श्लोक म्हणून दाखवला. साहेब मागच्या रांगेशी आले. मुलगी पुस्तक उघडून खाली मान घालून बसली होती. वाघाचंच पुस्तक, मीच तिच्या हातात दिलं होतं.

"वाच बेटा. काय लिहिलंय ते वाचून दाखव."

ती उठली. आणि तिला वाचायची जी रीत माहीत होती त्याच रीतीने तिने वाचलं. साहेबांकडे पाठ केली, भिंतीकडे तोंड केलं, मान खाली घातली आणि हळू, सपाट, भाव नसलेल्या आवाजात पहिलं वाक्य दिलं. आणि तिचा आवाज कानावर पडताच मागच्या रांगेतला वाघ गालावर हात ठेवून उभा राहिला आणि अख्ख्या हॉलला हादरवणारी डरकाळी फोडून बोलला. तिने दुसरं वाक्य दिलं. कोल्हा उठला. तिसरं दिलं. हरणी उठली आणि थेट साहेबांच्या पायाशी बसून तिने हात जोडले. इतक्या दुपारींची सवय. त्यांना थांबताच येईना.

पुढचे लोक हसायला लागले. साहेब दोन पावलं मागे सरले. त्यांना वाटलं, टिंगल चालली आहे. त्यांनी मुलीच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "तुला अर्थ कळतो का याचा?" तिने उत्तर दिलं नाही. मध्ये बोलत नसते. त्यांनी पुन्हा विचारलं. ती वाचत राहिली. मी भिंतीशी उभी होते. आता काय होणार ते मला दिसत होतं आणि तिला दिसत नव्हतं. तिचं तोंड भिंतीकडे होतं.

साहेब अध्यक्षांकडे वळले. आवाज अगदी सौम्य. "पाठांतर करून घेतलंय यांच्याकडून. मुलांनी घोकलंय आणि हिला तर वाचताच येत नाही, पुटपुटते आहे नुसती. पाया कच्चा आहे."

"साहेब, ती प्रॉम्प्टर आहे!" मी ओरडले. सगळा हॉल हसला. मी पुढे गेले, सांगायला लागले, की ती वाचते आहे, तिच्यामुळे बाकीचे वाचायला लागलेत, तुम्ही दुसरं कुठलंही पुस्तक द्या, आत्ता द्या. साहेबांनी घड्याळ पाहिलं. म्हणाले, "मॅडम, वाचनालयात प्रॉम्प्टरचं काय काम?" आणि पुन्हा हसू. माझा तोल गेला. मी म्हटलं, "तेच जे साहेबांच्या भाषणात त्यांच्या हातातल्या कागदाचं होतं." यावर मात्र कोणी हसलं नाही.

त्या गोंधळात ती मुलगी वाचत होती. पान संपेपर्यंत वाचत होती, कारण नट स्टेजवर असताना प्रॉम्प्टर सोडून जात नाही. पान संपलं तेव्हा वळली. सगळे उभे, कोणी टाळ्या वाजवत नाही. तिने माझ्याकडे पाहिलं.

"का झालं बाई? चुकलं का?"

मी म्हटलं, नाही, तुझं काहीच चुकलं नाही. माझ्या आवाजावरून तिला जे कळायचं ते कळलं असावं.

शाळा सुरू व्हायच्या आतच खोली गेली. एसी लागला, काचेचा दरवाजा लागला, कुलर अध्यक्षांच्या मिलच्या ऑफिसात गेला. तो कोणासाठी दिला होता हे मी सभेत विचारलं आणि चहा आला. मुलांना म्हटलं, सभासद व्हा, पुस्तकं घरी न्या. तर सभासद व्हायला जुन्या सभासदाचा जामीन लागतो. मोहल्ल्यात जुना सभासद कोण? कोणीच नाही, कारण तिथलं कोणी कधी सभासद झालंच नाही. मी जामीन राहते म्हटलं, तर कर्मचाऱ्याचा जामीन चालत नाही. असे नियम करणाऱ्यांना एकदा मे महिन्यात जंगलात पाठवलं पाहिजे, पाण्याच्या बाटलीशिवाय. काही दिवस मुलं दुपारी येऊन काचेला नाक लावून उभी राहायची. मग येईनाशी झाली.

वर्ष गेलं. पुन्हा उन्हाळा आला आणि एका सकाळी वाचनालयाच्या फाटकावर भलामोठा फ्लेक्स. उन्हाळी वाचन संस्कार शिबिर. वरच्या कोपऱ्यात हात जोडलेले अध्यक्ष, त्यांच्या शेजारी ते साहेब, आणि मधोमध, सगळ्यात मोठा, तिचा फोटो. समारोपाच्या दिवशी मान खाली घालून पुस्तक वाचत बसलेली ती, नायलॉनच्या दोऱ्यासकट. जिला वाचता येत नाही म्हणून शेरा मारला, तीच यांना वाचनाच्या जाहिरातीला सापडली.

दुपारी ती आली. कोणीतरी तिला सांगितलं होतं. सोबत वाघ, कोल्हा, हरणी, सगळे वर्षभराने उंच झालेले. ती बराच वेळ वर पाहत राहिली. मला वाटलं आता म्हणेल, की फोटो माझा लावता आणि आत येऊ देत नाही. मी त्याच्यासाठी तयार होते, मला तेच ऐकायचं होतं. ती म्हणाली,

"बाई, हे काढाले लावा न. प्रॉम्प्टर दिसत नसते."

मी आत गेले. जुन्या पुस्तकांची बांधणी करायचा कटर घेतला, स्टूल ओढलं आणि फाटकावर चढून चारही दोऱ्या कापल्या. अभ्यासिकेतले तरुण काचेमागून पाहत होते. एक जण बाहेर आला, मला वाटलं अडवतो. त्याने स्टूल धरलं. फ्लेक्स खाली पडला तशी पोरांनी त्याची घडी केली आणि डोक्यावर घेऊन पाळीकडे पळाली.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष आले. "बाई, रात्री वारा होता का?"

"वारा नव्हता भाऊ. मी कापला."

"काऊन?"

"जिचा फोटो आहे तिला आत येऊ द्या. नवीन फ्लेक्स मी स्वतः बांधते."

ते पंख्याकडे पाहू लागले. नवीन फ्लेक्स दोन दिवसांत लागला. त्याच्यावर चष्मा लावलेला, गोरा गुबगुबीत, कुठल्यातरी परदेशातला मुलगा आहे. तो अजून फाटकावर आहे आणि मला रोज त्याच्याखालून जावं लागतं. खोली मिळाली नाही. मिळेल असंही वाटत नाही, आणि माझा राग कमी झालेला नाही.

मी आता माझ्या कार्डावर पुस्तकं काढते आणि संध्याकाळी पिशवीत घालून पाळीवर नेते. तिथे दोन बांबूंना तो जुना फ्लेक्स बांधलेला असतो, पांढरी बाजू पब्लिककडे. छापलेली बाजू आत, जिथे ती बसते. जाळी विणणाऱ्या बाया, तेंदूपत्त्याहून आलेले बाप, सगळे जमिनीवर बसतात आणि वाघ त्यांच्यासमोर गडबडा लोळतो. परवा मी मुद्दाम पहिल्या रांगेत बसले. पडद्यामागे तिचा आवाज हळू, सपाट, भाव नसलेला. तो पब्लिकमध्ये येऊ नये अशी तिची फार काळजी असते. मला एकेक अक्षर ऐकू येत होतं.